आयर्विनला किती?

जुलै-ऑगस्टात सांगलीत दोन माणसं रस्त्यात भेटली की तब्येतपाणी नंतर. पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पाणी किती चढलं ते तिथं फुटात मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमचा पाढाच संपला.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. राहायला गावभागात. त्या ऑगस्टात आम्ही चार दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढले. पाणी उतरल्यावर घरातला चिखल उपसता उपसता बोळातल्या सात-आठ जणांनी मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'पाणी आलं का'. ॲडमिन मी, कारण त्या घडीला फक्त माझ्या फोनला चार्जिंग होतं. एवढीच माझी पात्रता.

ग्रुप वाढत गेला. नदी ज्या क्रमानं येते त्या क्रमानं त्यात माणसं आली. कराडला नोकरीला असलेला आमच्याच गल्लीतला एक जण, तो प्रीतिसंगमावरच्या पायऱ्या मोजायचा. औदुंबरच्या घाटाजवळ चहाचं हॉटेल असलेला एक, तो देवळात पाणी शिरलं की कळवायचा. भिलवडीचा एक द्राक्षबागायतदार. हरिपूरला वारणा येऊन मिळते, तिथल्या दोन शिक्षिका. दहावीतला एक पोरगा होता, तो सायकल मारत पुलावर जायचा आणि आकड्याचा फोटो काढून टाकायचा. आईच्या फोनवरून. आणि शेरीनाल्याकडच्या सखल प्लॉटात राहणाऱ्या एक मावशी. पापड लाटून विकतात. त्यांना लिहायला जमत नाही, म्हणून बोलून पाठवतात. मागं मिक्सरचा नाहीतर नातवाचा आवाज. नदी फुगली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि वस्तीकडं परत फिरतं. ते मावशींच्या उंबऱ्याला आधी कळतं, पुलावरच्या आकड्याला नंतर. मावशींचा आवाज ग्रुपवर आला की आम्ही खालच्या मजल्यावरचं धान्य वर न्यायला लागायचो.

बाकी दहा महिने ग्रुप म्हणजे गुलाबाची फुलं, शुभ सकाळ, गुडघेदुखीवर निर्गुडीचं तेल आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून भांडणं. अलमट्टीचं भांडण निघालं की रात्रीचे बारा वाजतात. असो.

२०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभेच्या तोंडावर, दुकानात एक हवालदार आले. हातात कागदांची चळत.

"अण्णा, ॲडमिन तुम्हीच ना? इथं सही करा."

एकशे एकोणपन्नासची नोटीस, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच देतात ती. कायदा बदलल्यापासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते, पण तोंडात अजून एकशे एकोणपन्नासच बसलंय. ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर आल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल, अशा अर्थाचं बरंच काही होतं.

"साहेब, आमच्या ग्रुपवर नुसतं पाणी असतंय."

"माहीत हाय की. आमच्या सासूबाई पण हाईत त्यात. सगळ्यांनाच देतोय, तुम्हाला एकट्याला न्हाई."

चहा घेतला, कप स्वतःच उचलून मोरीत ठेवला आणि गेले. भला माणूस. मला आजवर त्यांचा राग आलेला नाही.

पण मी आयुष्यभर सह्या केल्या त्या सौद्याच्या पट्ट्यांवर. या कागदावर माझं नाव होतं, वडिलांचं नाव होतं, वय, पत्ता, आणि खाली 'समज देण्यात येते की'. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं नाव पोलिसांच्या कागदावर पहिल्यांदाच लागलं असणार. रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "बंद करून टाका की तो ग्रुप." बंद करणं जिवावर आलं. मग सेटिंगमध्ये गेलो आणि मेसेज कोण पाठवू शकेल, याच्यापुढं 'फक्त ॲडमिन' करून टाकलं. २१२ माणसांची तोंडं एका बोटानं मिटली. कुणी तक्रार केली नाही. तक्रार करायची तरी मेसेजच करावा लागतो.

यार्डात येणाऱ्या एका वकिलांना कागद दाखवला. ते हसले. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ सालीच सांगून ठेवलंय, म्हणाले. ग्रुपमधल्या कुणी वाईटसाईट लिहिलं म्हणून ॲडमिन गुन्हेगार होत नाही. दोघांनी आधी संगनमत केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं, एवढंच असतं.

"मग मी ग्रुप उघडू?"

"उघडा की. पण निकाल चालतो कोर्टात, अण्णा. पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसायचं ते त्याच्या आधी."

उघडला नाही.

तरुणपणी मी हौशी नाटकात प्रॉम्प्टर होतो. सांगलीत जन्मलेल्या माणसाला नाटक सुटत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक इथंच उभं केलं, हे आम्ही पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर ऐकवतो. तर प्रयोगाआधी संहिता मुंबईला परिनिरीक्षण मंडळाकडं जायची. आम्ही सरळ सेन्सॉर म्हणायचो. परत आलेली प्रत विंगेत माझ्या मांडीवर असायची. काटलेली ओळ काटलेली दिसायची. तिच्यावर रेघ असायची. तालमीत ती ओळ पाठ झालेला नट प्रयोगात त्या जागेवर आला की हटकून अडखळायचा, आणि पहिल्या रांगेतले जाणते लोक एकमेकांकडं बघायचे. काय गेलं ते कळायचं नाही, पण काहीतरी गेलंय एवढं नक्की कळायचं.

त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. याच गावात जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला. १९१० साली इंग्रज सरकारनं नाटक बंद पाडलं. त्या बंदीला तारीख होती, हुकूम होता, शिव्या द्यायला समोर सरकार होतं. माझ्या ग्रुपवरच्या बंदीला ना हुकूम ना तारीख. त्या नोटिशीत ग्रुप बंद करा असं एका शब्दानं म्हटलेलं नाही, मी चारदा वाचलीय. बंदी मीच घातली आणि मीच पाळली.

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. त्या डिसेंबरात फोनवर तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मामा, इकडं पण तेच चाललंय." तिकडं २०२३ च्या ऑक्टोबरात ऑनलाइन सुरक्षेचा मोठा कायदा झाला. लहान मुलांच्या पुढ्यात काय काय येऊन पडतं, त्यातून पोरांच्या जिवावर कसं बेततं, या चिंतेतून आलेला. हेतूत खोट काढायला जागा नाही. कायद्याप्रमाणं ज्याच्या जागेवर लोक एकमेकांशी बोलतात, त्यानं तिथं काय काय वाईट घडू शकतं त्याची तपासणी करायची, ती लिहून ठेवायची, उपाय करायचे. बेकायदा मजकुराबद्दलची ही बंधनं १७ मार्च २०२५ पासून लागू होणार होती. चुकलात तर दंड १ कोटी ८० लाख पौंडांपर्यंत किंवा जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यातला जो जास्त तो.

लंडनमध्ये सायकलवेड्या लोकांची इंटरनेटवर गप्पांची एक जुनी जागा होती. चेन कुठली चांगली, चोरीला गेलेली सायकल कुणाला दिसली का, असल्या गप्पा. चालवणाऱ्यानं डिसेंबरातच जाहीर केलं, की १६ मार्चला, म्हणजे कायद्याच्या आदल्या दिवशी, मी हे बंद करतो. एकट्या माणसाला ही जोखीम झेपणारी नाही. हॅमस्टर नावाचा उंदराएवढा प्राणी तिकडं लोक पाळतात. तो पाळणाऱ्यांचीही अशी एक जागा होती, त्यांनीही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. भाची हसत होती. मलाही हसू आलं. कायदा आणला डोंगराएवढ्या कंपन्यांसाठी, आणि पहिलं बिळात कोण गेलं, तर उंदीर पाळणारे.

त्यांच्या नियामकानं सांगितलं होतं की छोट्यांना छोट्याच्याच मापानं मोजू. सांगितलं असेल. नागपूरच्या खंडपीठानंही मला सांगितलं होतंच की.

आपल्याकडच्या २०२१ च्या नियमांत माप आहे. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना जादा जबाबदाऱ्या: तक्रार निवारण अधिकारी भारतात हवा, कोर्टाचा किंवा सरकारचा हुकूम आला की मेसेज मुळात कुणी धाडला ते सांगता आलं पाहिजे. त्यावर व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यांच्याकडं वकिलांची फौज आहे, ते जातील. मधल्या मध्ये २१२ माणसांचा जो ग्रुप आहे, त्याला कायद्यात नाव नाही आणि चौकीत मात्र रजिस्टर आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती.

पुढच्या पावसाळ्यात पाणी वाढलं. फार नाही, २०१९ च्या जवळपासही नाही. ग्रुप माझ्या एकट्याच्या हातात होता आणि मी मन लावून काम करत होतो. सकाळ-संध्याकाळ आयर्विनचा आकडा, कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, असं सरकारी पत्रकात येईल तेवढं, स्वतःच्या मनाचं एक अक्षर न घालता टाकत होतो. पट्टी लिहावी तसं. रात्री अकराला शेवटचा आकडा टाकला आणि झोपलो. आकडा इशाऱ्याच्या बराच खाली होता.

सकाळी साडेपाचला उठून फोन बघितला. मला एकट्याला आलेले एकोणीस मेसेज. भिलवडीवाल्याचा पावणेदोनचा: "अण्णा पाणी जोरात चढतंय, ग्रुपवर टाका." पुन्हा सव्वादोनला. पुन्हा तीनला, नुसतं "अण्णा?" हरिपूरच्या बाईंचे दोन. आणि मावशींचा एक, चार वाजून दहा मिनिटांनी. शब्द काही नव्हते. पाण्यात चालल्याचा आवाज आणि लांबून कुणीतरी "वायर काढ आधी, वायर" म्हणून ओरडत होतं.

माणसं सगळी बरी होती. हे आधी सांगायला हवं होतं. मावशींची उडदाच्या पिठाची दोन पोती भिजली, लाटायच्या मशिनची मोटर गेली. पंचनामा व्हायला पाणी घरात किती दिवस होतं ते लागतं, यांच्याकडं ते दुपारपर्यंत उतरलंसुद्धा. मी संध्याकाळी गेलो. त्या पायरीवर बसून पीठ सुपानं नाल्यात टाकत होत्या. भिजलेलं उडदाचं पीठ लोण्यासारखं चिकटतं, सुपाला धरूनच बसतं. मी म्हटलं, मावशी, माझी चूक झाली.

त्या म्हणाल्या, "तुमची कसली ओ? मला वाटलं यंदा न्हाई यायचं पाणी. ग्रुपवर कोणच काय बोललं न्हाई ना."

कोणच काय बोललं न्हाई. मावशींनी मी ग्रुप मिटवलेला बघितलाच नव्हता. त्यांच्या फोनवर सगळं पहिल्यासारखंच होतं, फक्त शांत. आणि शांत म्हणजे पाणी नाही, हा हिशेब त्यांचा बरोबरच होता. पाच वर्षं आम्हीच तो घालून दिला होता. नाटकात ओळ काटली तर नट अडखळायचा. इथं कुणी अडखळलंसुद्धा नाही. सरकारं, कंपन्या आकडे देतात, अमुक इतका मजकूर काढून टाकला. तो मोजता येतो. भिलवडीवाल्यानं रात्री पावणेदोनला ग्रुपवर जे टाकलं असतं आणि टाकता आलं नाही, ते कुठल्या तक्त्यात येणार?

आता दुसरी बाजू मीच मांडतो, नाहीतर भिलवडीवाला मांडेल.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला होता. ग्रुप तेव्हा उघडा होता. एका रात्री कुणीतरी आवाजाची एक क्लिप पुढं ढकलली. भारदस्त आवाजात एक माणूस सांगत होता, कोयनेला तडा गेलाय, रात्रीत सगळं सोडणार, सांगली खाली करा. मी जेवत होतो. वीस मिनिटांनी बघितलं. तेवढ्यात आमच्या बोळातली अर्धी माणसं जिने चढत होती, आणि समोरचे ऐंशी वर्षांचे आजोबा ओल्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड. क्लिप मी उडवली. ज्यानं ढकलली तो म्हणाला, "मला आली म्हणून टाकली." त्याच्यावर राग काढायचा तरी कसा? तोही घाबरलेलाच होता.

आणि हे काहीच नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक जण आमच्या जतला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज ढकलता येईल अशी अट भारतात आणली. सप्टेंबर २०२३ मध्ये इथून जवळच, सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून रात्री जमाव उठला आणि एक माणूस जिवानिशी गेला. जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं. आमचा माल नेणारी एक गाडी तिकडं अडकली, कारण ई-वे बिल निघेना. ड्रायव्हरनं दोन दिवस धाब्यावर काढले. पण त्या गावातल्या घरापुढं आमच्या गाडीचं रडगाणं गायला मला जीभ उचलत नाही. तर 'बोलू द्या सगळ्यांना, बघू काय व्हायचं ते' म्हणणाऱ्यांत मी नाही. मी ग्रुपवरून दोन जणांना काढलेलं आहे आणि पुन्हा काढीन.

फक्त ढिला कायदा कुठं जातो, तेही आपण बघून बसलोय. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम. त्रासदायक, चीड आणणारं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रासदायक कुणाला, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. २०१२ साली पालघरच्या दोन मुली मुंबई बंदबद्दलच्या एका ओळीपायी अटक झाल्या. एकीनं ओळ लिहिली होती, दुसरीनं तिला नुसतं लाइक केलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द केलं. आणि २०२१ सालीही त्याच न्यायालयापुढं आलं की मेलेल्या कलमाखाली अजून गुन्हे दाखल होतायत. तेव्हा माझे वकील म्हणतात ते बाकडं काही उगाच नाही.

पुढं २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला, की सरकारच्या कामकाजाबद्दलची खोटी, दिशाभूल करणारी माहिती कुठली ते सरकारचंच तथ्य तपासणी पथक ठरवेल. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली, तिसऱ्यांकडं गेलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. त्या वेळी पेपरात ही बातमी मी अर्धीच वाचून पान उलटलं होतं. मावशींच्या पायरीवर आठवली. आदल्या रात्री मी टाकलेला आयर्विनचा आकडा सरकारी होता आणि खरा होता. मावशींच्या घरातलं पाणीही खरं होतं. मावशींनी मध्यरात्री ग्रुपवर "पाणी आलंय" म्हटलं असतं आणि कुणी पत्रकाशी ताडून बघितलं असतं, तर खोटं कोण ठरलं असतं?

पुलावर जाणाऱ्या त्या पोराचं काय करायचं, हाही एक घोर लागलाय. आपल्या नव्या विदा, म्हणजे डेटा, संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, त्याची माहिती वापरायला आईबापाची पडताळलेली संमती हवी. ऑस्ट्रेलियात तर डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातंच नाही. आमच्या पोराची आई म्हणते, "संमती हाय ओ माझी, पण पुलाच्या कठड्याला लटकतंय ते, त्याचं काय करू?" तिचा प्रश्न जास्त खरा.

गणपती झाल्यावर ग्रुप उघडला. आधी तीन माणसांना ॲडमिन केलं: भिलवडीवाला, हरिपूरच्या एक बाई आणि कराडचा. रात्री कुणी ना कुणी जागं राहील आणि बाकड्यावर बसायची वेळ आलीच तर गप्पा मारायला सोबत होईल. भिलवडीवाला म्हणाला, "माझं पण नाव दिऊन टाका चौकीत, बापाच्या नावासकट." नियम दोनच केले. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं बेधडक टाका. दुसऱ्याकडून आलेलं टाकायचं तर कुणाकडून आलं ते सांगा.

उघडल्यावर पहिल्या तासात चौतीस गुलाबाची फुलं आली. मग निर्गुडीचं तेल. संध्याकाळी एकानं एका पुढाऱ्याबद्दल असं काही टाकलं की माझा घास घशात अडकला. उडवलं. अर्ध्या मिनिटात त्याचा फोन, "अण्णा, माझा मेसेज का काढला? घटनेनं दिलाय अधिकार मला." म्हटलं, ये दुकानावर. आला. दोन तास बसला, दोन चहा झाले, अलमट्टीसुद्धा झालं. उठताना म्हणाला, "मेसेज वाईट होता, पण खरा होता." मी म्हटलं, "वाईट होता." तिथंच राहिलं ते. अजून राहिलंय. तो ग्रुप सोडून गेला नाही आणि मीही त्याला काढलं नाही.

परवा पहाटे चारला फोन वाजला. अवेळीचा पाऊस होता, कुणी आकडा विचारलासुद्धा नव्हता. मी पडल्या पडल्या चष्मा शोधला. ग्रुपवर मावशींचा आवाज होता, मागं नातू खोकत होता.

"पाणी अजून न्हाई. पर नाला थांबलाय. वाहत न्हाई, नुसता हुबा हाय. जागं ऱ्हावा कोणतरी."

खाली भिलवडीवाल्यानं लिहिलं होतं, "जागा आहे."